मागच्या बोळाचा बंदोबस्त

सुभेदार वाघमारे कार्यक्रमाआधी दिव्यांची हजेरी घेतात. मी थट्टेने म्हणत नाही, खरोखरच घेतात. संगीतगृहाच्या अंगणात सतरंजी अंथरतात, तिच्यावर माळा लांबवर सोडतात आणि एकेक बल्ब होल्डरला लावून बघतात. पेटला की मोठ्याने म्हणायचं, "हाजिर!" लुकलुकला तर "सिक रिपोर्ट!" असा आजारी बल्ब कापसात गुंडाळून वेगळ्या खोक्यात जातो. पेटलाच नाही तर त्याला कानाशी नेऊन हलवतात, आत तार किणकिणली की "पेन्शनीत गेला बिचारा" म्हणतात आणि हलक्या हाताने पाटीत ठेवतात. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतोय. इतक्या वर्षांनंतरही माझं मत फारसं बदललेलं नाही.

आमचं संगीतगृह सांगलीच्या जुन्या भागात आहे. संस्थानच्या काळातली इमारत. सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, आणि एका अंगाला माणसाच्या उंचीच्या गजांच्या खिडक्या. त्या खिडक्या मागच्या बोळात उघडतात. या जागेत कोण कोण गाऊन गेलं हे सांगायला आमचे अध्यक्ष आप्पा बसले, की जेवायची वेळ टळते. मी या संस्थेची चिटणीस. शाळेत गाण्याची शिक्षिका होते. पोरांना सुरात आणता आणता माझा आवाज गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि संस्थेच्या कारभाराला तीच जास्त उपयोगी पडते.

असली जुनी इमारत उभी ठेवायची म्हणजे दर वर्षी निधीसाठी मैफल करावी लागते. दिवाळीनंतर एखादे नामवंत बुवा किंवा बाई येतात, गावातली देणारी माणसं पुढे बसतात, आणि त्या संध्याकाळी आमचं संगीतगृह नव्या नवरीसारखं दिसतं. ते तसं दिसतं ते सुभेदारांमुळे. मूळ गाव पलूसकडचं. फौजेत इलेक्ट्रिशियन होते, पेन्शन घेऊन परत आले आणि एक दिवस आपणहून आमच्या दारात उभे राहिले. ताठ कणा, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ. "जय भीम, जय हिंद. लाइटिंग आनि सजावट मी बघतो. मजुरी नको. खरं, काम माझ्या पद्धतीनं हुईल." आप्पांनी 'मजुरी नको' एवढंच ऐकलं. पुढचं वाक्य ऐकायला हवं होतं.

कारण ती पद्धत म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. झेंडूच्या माळा सुभेदार कमरेच्या पट्ट्याने मोजतात. एखादी माळ बोटभर जरी लोंबली तरी "लाइन टाइट!" म्हणून सगळी उतरवतात. आप्पांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण त्यांनाही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दिवे गेल्याची तालीम करावी लागते. सुभेदार मेन स्विच पाडणार, आणि आम्ही कार्यकारिणीने अंधारात न बोलता आपापल्या खांबापाशी जाऊन उभं राहायचं. एकदा आप्पा खांबाऐवजी तबल्यावर जाऊन बसले. "जखमी कोन?" अंधारातून सुभेदारांचा आवाज. "तबला," आप्पा म्हणाले.

हल्ली बाजारात त्या दिव्यांच्या चिकटपट्ट्या मिळतात, कात्रीने कापून कुठेही लावता येतात. मी त्या आणा म्हटलं, तर म्हणाले, "आवं बाई, त्यात हजेरी कुनाची घ्यायची? एक मेला की अर्धी पलटन मरती."

एका वर्षी कर्नाटकातले एक फार मोठे बुवा आले होते. सुभेदारांनी त्यांच्यासाठी एकच दिवा वर बांधून असा कोन साधला होता, की बुवांच्या चेहऱ्यावर दुधाच्या सायीसारखा उजेड पडत होता. पण बुवांची सवय अशी की रंगात आले की बैठक सोडून पुढे सरकायचे. सरकत सरकत ते उजेडाच्या बाहेर गेले. सभागृह तल्लीन, आणि विंगेतून दबक्या पण स्पष्ट आवाजात हुकूम आला, "बुवा, पोझिशन सोडू नका!" मी डोळेच मिटून घेतले. वाटलं, आता ही मैफल आटोपली. बुवांनी मान वळवून विंगेत पाहिलं, समेवर आले, हात जोडले, आणि मुकाट्याने मागे सरकून बसले. नंतर चहा घेताना मला म्हणाले, आमचे गुरुजीसुद्धा एवढ्या जोरात रागावले नव्हते हो.

सुभेदारांच्या घरी मी एकदा गेले होते. त्यांच्या मंडळींनी पोहे केले आणि माझ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. "बाई, न्हाणीतला बल्ब उडून महिना झाला. मी मेणबत्ती घिऊन आंघोळ करते. ह्यास्नी सांगा की." सुभेदार म्हणाले, "घरचा फ्रंट सुरक्षित हाय." मंडळींनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

पण या सगळ्या पद्धतीत एक गोष्ट अशी होती, जी कार्यकारिणीला सतत खुपायची. ती म्हणजे मागचा बोळ. व्यासपीठ झालं, सभागृह झालं, कमान झाली, की सुभेदार शेवटची, सगळ्यात चांगली माळ काढायचे आणि मागच्या बोळात लावायचे. त्या बोळात काय असतं? कुणाच्या तरी जुन्या स्कूटरी, शेजारच्या भांडीवाल्याची खोकी, आणि ऊन असेल तिथे एक शेळी. कार्यक्रमाच्या दिवशी सुभेदार सकाळी स्वतः खराटा घेऊन बोळ झाडायचे, पाणी मारायचे, खिडकीखालचा दगडी कट्टा धुऊन काढायचे आणि वर दिव्यांची माळ. बघणारं कुणी नाही. आप्पा दर वर्षी विचारायचे, "सुभेदार, दर्शनी भाग सोडून तिकडे कशाला?" आणि सुभेदार दर वर्षी तेच उत्तर द्यायचे, "रियर मोकळा सोडाय न्हाई, साब. दुश्मन मागनं येतो."

आम्ही सगळे हसायचो. फौजेतल्या माणसाचं डोकं, म्हणून सोडून द्यायचो.

यंदाची मैफल नेहमीसारखी नव्हती. पावसाळ्यात छप्पर इतकं गळलं, की तानपुऱ्यांच्या खोलीत घमेली ठेवावी लागली. छप्पर आता केलंच पाहिजे होतं. त्यातच फलटणकडचे एक रावसाहेब, ऊसवाले, मोठ्या मनाचे गृहस्थ, आप्पांना म्हणाले, की छप्पर करताय तर सभागृह वातानुकूलितच करा, निम्मा भार मी उचलतो, उरलेला मैफलीतून उभा करा. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. मलाही आनंद झाला. एप्रिल महिन्यात त्या कौलांखाली बसून ज्याने विलंबित ख्याल ऐकलाय, तो वातानुकूलनाच्या विरोधात मत देणार नाही.

फक्त, हवा थंड ठेवायची तर खिडक्या बंद करायला हव्यात. नुसत्या लावून चालणार नाहीत, विटांनी बुजवायला हव्यात. नकाशात तसंच होतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत सुभेदारांना सजावटीसाठी बोलावलं होतं. आप्पांनी नकाशा पसरून मोठ्या हौसेने सगळं दाखवलं. सुभेदार वाकून बघत होते. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ह्या खिडक्या?"

"बुजवायच्या."

"समद्या? बोळाकडच्या बी?"

"बोळाकडच्या तर आधी. तिकडूनच रिक्षांचा आवाज येतो."

सुभेदार सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "साब, एक ठिवता यील का?"

"अहो, एक भोक ठेवून माठ कुणी घेतं का सुभेदार?" आप्पा हसून म्हणाले. बाकीचेही हसले. सुभेदारांनी "जी साब" म्हटलं आणि बाहेर गेले.

मैफलीच्या आदल्या दिवशी मी अंगणात आले तर दिव्यांची हजेरी चालू होती, पण आवाज नव्हता. बल्ब पेटत होते, विझत होते, सुभेदार नुसती मान हलवत होते. एक लुकलुकणारा बल्ब त्यांनी आजाऱ्यांच्या खोक्यात टाकायच्या ऐवजी परत माळेतच लावला. मी तो दाखवला. "व्हय की," म्हणाले आणि काढला. मला काही हे लक्षण बरं वाटलं नाही. माणूस ओरडतो तोवर ठीक असतो.

दुपारी ते अंगणात दिसेनात. शोधत मागच्या बोळात गेले. सुभेदार कट्ट्यावर चढून ओल्या फडक्याने खिडकीचे गज पुसत होते. जे गज पुढच्या महिन्यात उपटून काढायचे, ते एकेक करून वरपासून खालपर्यंत.

"सुभेदार, ते कशाला पुसताय आता?" मी म्हटलं. आवाजात जरा धार आलीच.

ते खाली उतरले. फडकं पिळलं. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"बाई, माझं बाबा हळदीच्या पेठंत हमाल. दिसभर पाठीवर पोती. सांजच्याला घरी यायचं तर निस्तं पिवळं. कानात हळद, भुवईत हळद, घाम आला की पिवळा घाम. खरं, गान्याचं लय याड. हितं गानं हाय म्हनून कळलं, की पेठंतनं सरळ हितं, ह्या खिडकीपाशी. मला खांद्यावर घ्यायचं. आत मला काय दिसायचं? पांढरीधोट चादर. मी एकदा इचारलं, बाबा, आपुन आत का जात न्हाई? तर म्हनलं, चादरीला डाग पडंल लेकरा, धुनाराला तरास."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "अंग धुऊन यायचं की."

"धुऊन बी आलं असतं." सुभेदारांनी फडकं कट्ट्यावर वाळत घातलं. "आत नको म्हननारं कुनी नव्हतं, बाई. खरं, आत या म्हननारं बी कुनी नव्हतं."

मी गजांतून आत बघितलं.

"बोळात तवा मिट्ट अंधार," ते पुढे म्हणाले. "एकदा आत मोठा ख्याल लागला हुता. कुठनं तरी कुत्रं आलं आनि बाबांच्या पोटरीला कडकडून चावलं. मी वरनं बघतोय, दात रुतल्यालं. बाबा वरडलं न्हाईत. धोतराचा सोगा तोंडात धरला आनि उभं ऱ्हायलं. गानं संपल्यावर खाली बसलं. मी इचारलं, वरडला का न्हाई? तर म्हनलं, त्येंचा सूर मोडला असता." सुभेदारांनी माळेच्या वायरीची गाठ उगाचच पुन्हा सोडून बांधली. "फौजेत गेलो, तवाच ठरवलं. परत आलो की ह्या बोळात उजेड करायचा. म्हातारा तवर टिकला न्हाई. खरं, बोळ तर हाय."

'दुश्मन मागनं येतो' या उत्तरावर आम्ही इतकी वर्षं हसत होतो. मी तिथेच भांडीवाल्याच्या खोक्यावर बसले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. त्या रागातच मी आप्पांकडे गेले. एक खिडकी ठेवा म्हटलं, कारणही सांगितलं. आप्पा वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पण म्हणाले, "बाई, नकाशा मंजूर झालाय, रावसाहेबांनी शब्द दिलाय, आणि छप्पर पुढच्या पावसाला टिकणार नाही. कुठल्या तोंडाने आता थांबा म्हणू?" मला त्यांना दोष देता येईना.

परत येऊन सुभेदारांना म्हटलं, "तुम्ही उद्या हात आखडता घ्या. सजावट फिकी झाली, देणगी कमी पडली, तर खिडक्या राहतील कदाचित."

सुभेदार माझ्याकडे असे बघायला लागले, जसे बोटभर लोंबलेल्या माळेकडे बघतात. "आवं बाई, काय बोलताय? आत बसनाऱ्याच्या डोस्क्यावर पानी गळतंय. त्येंनी भिजायचं व्हय, माझ्या बाबापाई?" आणि शिडी खांद्यावर घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, तसं या इमारतीत पूर्वी झालं नव्हतं. खांबांना झेंडू आणि पांढरी शेवंती, एकाआड एक, कुठे एक पाकळी इकडची तिकडे नाही. रंगीबेरंगी काही नाही. सागवानाला आतून ऊब आल्यासारखा उजेड. कमानीवर रावसाहेबांच्या वडिलांचं नाव दिव्यांत लिहिलं होतं. रावसाहेब गाडीतून उतरले, मान वर करून त्या नावाकडे बघत राहिले, आणि खिशातून रुमाल काढला. त्यांचे वडीलही गाण्याचे वेडे होते म्हणे. सुभेदार बाजूला उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. "साब, नाव नीट दिसतंय न्हवं?" त्यांनी विचारलं. रावसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

मैफल रंगली. मध्यंतरात देणग्या जाहीर झाल्या आणि पहिल्या रांगेतूनच काम पुरं झालं. छप्पर होणार, थंड हवा होणार. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. छप्पर मलाही हवंच होतं.

शेवटची भैरवी सुरू व्हायच्या आधी आप्पा माईकपाशी गेले. ते असं काही करणार आहेत हे मलाही माहीत नव्हतं. म्हणाले, ज्यांनी इतकी वर्षं एक पैसा न घेता ही वास्तू उजळली, त्या सुभेदार वाघमारे यांचा आज संस्थेतर्फे सत्कार करायचा आहे, त्यांनी कृपया व्यासपीठावर यावं. टाळ्या झाल्या. कुणी आलं नाही. आप्पांनी विंगेत बघितलं, पुन्हा नाव घेतलं. माणसं माना वळवून दाराकडे बघायला लागली. गाणाऱ्या बाई तानपुरा मांडीवर घेऊन थांबल्या होत्या.

मला कळलं ते कुठे असणार. मी बाजूच्या रांगेतून खिडकीपाशी गेले.

सुभेदार बोळात उभे होते. पाय जुळवलेले, एक हात खिडकीच्या चौकटीवर. वर त्यांची माळ लागलेली. त्या उजेडात धुतलेला कट्टा आणि झाडलेली फरशी लख्ख दिसत होती. जरा पलीकडे एक रिक्षावाला रिक्षा बंद करून हँडलवर हात टेकून बसला होता.

"सुभेदार, तुमचं नाव पुकारतायत."

"ऐकू येतंय की. हितनं समदं ऐकू येतं, बाई."

"मग या ना आत. सगळे थांबलेत. आज सगळं सभागृह 'या' म्हणतंय तुम्हाला."

त्यांची मिशी हलली.

"म्हनत्यात, ते ऐकलं. लय बरं वाटलं. खरं, मी आत आलो तर बाबा एकटं पडत्याल. आनि पुढच्या साली ही खिडकी न्हाई."

मी वळून व्यासपीठापाशी गेले. आप्पांच्या हातातून शाल आणि नारळ घेतला. तशीच खिडकीपाशी परत आले. सगळं सभागृह बघत असताना मी ती शाल गजांतून बाहेर सारली. मग नारळ देऊ लागले, तर तो गजांत अडकला. आडवा करून बघितला, उभा करून बघितला, जाईना. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नारळ माझ्याच हातात राहिला.

आत तानपुरा लागला.

सुभेदारांनी शाल दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला वाटलं आता खांद्यावर घेतील. त्यांनी ती झटकली, पूर्ण उलगडली, आणि खिडकीखालच्या कट्ट्यावर नीट अंथरली. कडा ओढून सरळ केल्या. एक सुरकुती राहिली होती, ती तळहाताने सारखी केली.

"बसा बाबा," ते म्हणाले.

आणि स्वतः बाजूला उभे राहून ऐकायला लागले.